शेजारच्या खुर्चीतली टोपी

ऑरविल टटलला फसवणं अशक्य होतं! निदान ऑरविलचं तरी तसं ठाम मत होतं. बरबँकच्या एका स्टुडिओत एकतीस वर्षं सुतारकाम केलेला माणूस तो. पडद्यावरचे संगमरवरी महाल प्लायवुडचे असतात आणि चांदण्या म्हणजे तारेला टांगलेले बल्ब, हे त्याला पक्कं ठाऊक. निवृत्त झाल्यावरही त्याचा कशावर म्हणून विश्वास बसत नसे.

त्यामुळे चष्मा शोधताना बायकोच्या पर्समध्ये सिनेमाच्या एकाच खेळाच्या दोन तिकिटांचे तुकडे सापडले, तेव्हा तो जागीच ताठ झाला. हेझल दर बुधवारी दुपारच्या खेळाला जायची. जुना, नाचगाण्यांचा, प्रेमाचा सिनेमा. एक खलाशी, एक टोप्या विकणारी पोरगी. सलग पाचवा आठवडा, तोच सिनेमा! मी एकटीच जाते, म्हणायची. मग तिकिटं दोन कशी?

"कुणाबरोबर गेली होतीस?" त्याने विचारलं.

"कुणाबरोबर जाणार? एकटीच!" हेझल सूप ढवळत म्हणाली. आणि वर गुणगुणायलाही लागली!

ऑरविलने कुंपणापलीकडच्या क्लाइडला गाठलं. क्लाइडची दोन लग्नं मोडलेली, त्यामुळे या विषयात त्याच्या शब्दाला वजन होतं.

"गुणगुणते?" क्लाइडने हिरवळीला पाणी घालायचं थांबवलं.

"दिवसभर!"

"आणि लिपस्टिक?"

"फक्त बुधवारी!"

"मग संपलंच, मित्रा," क्लाइड म्हणाला. "माझी दुसरी तर नुसती शीळ घालायची."

चव्वेचाळीस वर्षांचा संसार! ऑरविलला राग आला होताच, पण त्याहून भीती मोठी होती. हेझल गेली तर या घरात आपण बोलायचं कुणाशी?

पुढच्या बुधवारी त्याने तिच्या गाडीमागे आपला पिकअप घातला. मागे फळ्या, फळ्यांना लाल फडकं. इतका गुपचूप पाठलाग बरबँकने पाहिला नसेल! सिग्नलला हेझल आरशात बघून लिपस्टिक लावू लागली, तसा तो स्टिअरिंगखाली दडला. दिवा हिरवा झाला तरी वर आलाच नाही. मागच्या चार गाड्यांनी त्याच्या घराण्याचा उद्धार केला.

थिएटरात अंधार होता. दहाबारा म्हाताऱ्या बायका, मधोमध हेझल, आणि तिच्या शेजारी एक टोपी! टोपीखाली कोट! ऑरविल दोन रांगा मागे बसला. पडद्यावर खलाशी गाऊ लागला, आणि हेझलने त्या हरामखोराची कॉलर प्रेमाने सारखी केली.

"ऊठ रे निर्लज्जा!" ऑरविलने झेप घेऊन त्याचं बखोट धरलं. गडी इतक्या अलगद वर आला की ऑरविल मागच्यामागे कुणाच्या तरी पॉपकॉर्नमध्ये बसला.

"अगंबाई, मुंडकं पडलं!" एक बाई किंचाळली.

डोअरकीपर टॉर्च घेऊन धावत आला. उजेडात दिसलं ते असं: एक हँगर, एक तपकिरी कोट आणि घरंगळत गेलेली टोपी.

"हा... हा माझा कोट?"

"टोपीही तुझीच," हेझल दात खाऊन म्हणाली. "बस खाली! लोक बघतायत!"

ऑरविल विरघळला. डोळे भरून आले. "अगं वेडे, मी नसलो की करमत नाही, म्हणून कोट शेजारी बसवतेस? त्याचं तिकीट काढतेस?"

"करमत नाही?" हेझलने त्याच्याकडे पाहिलं. "चव्वेचाळीस वर्षं तुझ्याशेजारी सिनेमे पाहिले मी. दर चुंबनाला मागच्या भिंतीत खिळे किती, ते सांगितलंस! खुर्ची रिकामी ठेवली, तर कुणीतरी येऊन बसतं आणि तेही बडबडतं. एक सिनेमा तरी धड ऐकू दे मला!"

"मी नाही बोलणार. शपथ!"

कोट मांडीवर घेऊन तो तिच्या शेजारी बसला. पडद्यावर खलाशी जिन्यावरून नाचत उतरला. ती पोरगी खाली उभी होती; हसावं की रडावं, तिला कळेना. ऑरविलने जन्मात पहिल्यांदा जिन्याऐवजी तिचा चेहरा पाहिला. त्याने कोटाच्या बाहीने डोळे पुसले. हेझलने हळूच त्याचा हात हातात घेतला. चार मिनिटं! पूर्ण चार मिनिटं तो गप्प होता!

"हेझल," तो भरल्या आवाजात कुजबुजला, "तिसरी पायरी पोकळ आहे बघ—"

उरलेला सिनेमा त्याने मागच्या रांगेतून पाहिला. पुढे हेझलने पुन्हा खुर्चीत बसवलेल्या कोटाच्या खांद्यावर डोकं टेकलं होतं, आणि कोट एक अक्षर बोलत नव्हता.