शिर्केकाकांची पिपूडी

१४ जानेवारी. तिळगुळाच्या वड्या थापत होते, तेवढ्यात खालून पिपूडी वाजली. उत्तरायणात अख्खं बडोदं पिपाण्या फुंकतं, म्हणून सांगते: ही पतंग कापल्याची नव्हे. कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीत ती बारा महिने, दोन्ही जेवणांआधी वाजते. शिर्केकाका इन्सुलिन घेतात, त्याची ही वर्दी.

काका सत्तरीपुढचे, एकटे. पणजोबा संस्थानच्या फौजेत. "शिर्क्यांनी वार छातीवर घेतले. मी पोटावर घेतो, एवढाच फरक," म्हणत सदरा वर करतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. एकदा नवरदेवाच्या गुजराती आजीनं तोंड फिरवलं, तर म्हणाले, "बा, सुई मला टोचतेय. डोळे तुम्ही का मिटता?" जिलबी आली की हात जोडून वाढप्याला पुढं धाडतात. "जय श्रीकृष्ण, आगळ जाओ!"

इन्सुलिन मीही घेते. सोसायटीत कुणाला पत्ता नव्हता. कळलं असतं तर दारात कारल्याचा रस आणि कीव दोन्ही आली असती. रस मी प्याले असते.

दुपारी गच्चीवर उंधियू वाढायला घेतलं, तशी मी "मीठ राहिलं" म्हणून घरी आले. सुई टोचून घेतली, वळले, तर उघड्या दारात काका.

"सुनंदा, दर पंगतीला तुझं मीठच कसं गं राहतं?"

मी इन्सुलिनचं पेन पदराआड केलं. काकांनी नजर जिन्याकडे वळवली.

"माझी बायको, लता, तीही दाराआडच घ्यायची. मीच सांगायचो, चार लोकांत नको. मग ती कधी घ्यायची, कधी टाळायची, मलाही दिसेनासं झालं. ती गेली. पुढं मलाही साखर निघाली, तेव्हा लहरीपुऱ्याच्या बाजारातनं ही पिपूडी आणली. चल, मीठ घे. मंडळी खोळंबलीत."

वर गेल्यावर काकांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. उलट माझ्या मिठाला नावं ठेवली.

दुसऱ्या दिवशी वासी, म्हणजे शिळं उत्तरायण. सकाळी गच्चीवर कालचं उंधियू गरम होत होतं. मी काकांच्या हातातली पिपूडी घेतली, पदरानं पुसली आणि छाती भरून फुंकली. सगळे आकाशात बघायला लागले. मग मी पेन काढलं, तशी माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी "अरे बेन, तमने पण?" म्हणालं.

"हो, मला पण," म्हटलं आणि सुई टोचली.

"काइपो छे!" काका पतंग कापल्याच्या थाटात एवढ्यानं ओरडले की शेजारच्या गच्चीवरच्यांनी आपली दोरी तपासली.

मी पिपूडी परत दिली नाही. कमरेला खोचली आणि वाढायला घेतलं.