सुकटबेट आणि उच्चारयंत्र यांची हकीकत

श्री. जिच्या कृपेने मुक्यास वाचा फुटते त्या वाग्देवतेस नमन करोन, आणि ज्यांनी हे लिहिण्याची आज्ञा केली त्यांचे कल्याण चिंतून, जे डोळां पाहिले व जे भरवशाच्या माणसांचे मुखे ऐकिले ते यथास्थित लिहितो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृतनाम संवत्सरी, समुद्रतीरीच्या एका राज्यात हा प्रकार जाहला. राज्याचे नाव लिहिण्याचे प्रयोजन नाही. राज्य लहान, परंतु रयत खाऊन-पिऊन सुखी. खाडीत मासळी बहुत, डोंगरउतारास नाचणी, घरोघरी वीज, कचेरीत संगणक, आणि दरबाराची रीत मात्र जुनी, मुजऱ्याची व लवाजम्याची. गादीवर भागीरथीबाईसाहेब होत्या. त्यांचे माहेर घाटमाथ्यावरील एका आडगडावर. तेथे वडिलांनी इंग्रजी ग्रंथांची कपाटे भरोन ठेविली होती, परंतु ती भाषा बोलणारा मनुष्य त्या पंचक्रोशीत नव्हता. मग बाईसाहेबांनी बाळपणी कोश उशाशी घेऊन एकेक ग्रंथ वाचिला, आणि अर्थ ऐसा पक्का केला की पुढे परराज्यांस पत्रे स्वहस्ते लिहीत आणि परके वकील ती वाचोन वाखाणीत. परंतु सारे शब्द डोळ्यांच्या ओळखीचे, कानांस परके. जैसे लिहिले तैसे वाचावे हा आपल्या बाळबोध लिपीचा धर्म. तोच त्यांनी त्या भाषेस लाविला, आणि ती भाषा तो धर्म पाळीत नाही हे सांगणारा त्यांस कोणी भेटला नाही.

राज्याच्या खाडीमुखाशी एक बेट आहे. कोळी लोक उघाडीच्या दिवसांत तेथे बोंबील आणि जवळा वाळवितात, म्हणोन त्यास सुकटबेट म्हणतात. त्या बेटावर गलबतांच्या एका परदेशी कंपनीचा डोळा गेला. तेथे धक्का बांधावा, आपली गलबते लावावी, आणि कोळियांस दूर करावे, ऐसा कंपनीचा मनसुबा. त्याकरिता कंपनीचा वकील विलकीन साहेब दरबारी आला. बाईसाहेबांनी दुभाषी दूर सारिला आणि इंग्रजीतच भाषणास आरंभ केला. त्या भाषेत बेटास जो शब्द आहे त्यात एस अक्षर लिहितात आणि बोलत नाहीत. बाईसाहेबांस हे कोठून ठाऊक असावे. त्यांनी जैसे लिहितात तैसे म्हटले, इस्लंड. एकदा म्हटले, दोनदा म्हटले, आणि तिसऱ्यांदा म्हणताच विलकीन साहेब उठोन अदबीने बोलिला, 'बाईसाहेब ज्या इस्लंडाचे नाव घेतात ते आम्ही नकाशात धुंडिले, सापडले नाही. जे नाहीच, त्याचा वाद कसला?' तेव्हा दरबारात जे इंग्रजी जाणत होते ते हसले, आणि जे जाणत नव्हते ते त्यांचे पाहोन हसले. बाईसाहेबांचा चेहरा उतरला. पान-सुपारी न होताच दरबार बरखास्त जाहला, आणि त्या दिवसापासोन परक्या मनुष्यासमोर त्यांनी इंग्रजीचा एक शब्द तोंडावाटे काढिला नाही.

मग बोलणे दिवाण सदोबा रेगे यांजकडे आले. दिवाण मनुष्य वाईट नव्हे. वाणी गोड, इंग्रजी पाण्यासारखी, परंतु समोरचा हसोन बोलिला म्हणजे हेही हसोन मान हलवीत. विलकीन साहेबाने त्यांस गलबतावर मेजवानीस नेले आणि तेथे ऐसा मसुदा ठरला की बेट दोघांचे. वर्षातील उघाडीचे महिने कंपनीने वापरावे आणि पावसाळ्याचे महिने कोळियांनी. दिवाण संतोषाने परत आले, म्हणाले, 'निम्मे बेट राखिले.' ही वार्ता कोळीवाड्यात जाताच पारूबाई तांडेल, वयाने वडील आणि शब्दाने परखड, चार बायका घेऊन वाड्यावर आली. दिवाण तेथेच होते. पारूबाई म्हणाली, 'पावसात बोंबील कसा वाळवायचा ते दिवाणसाहेबांनी एकदा दाखवावं. आम्ही शिकू.' मग ती बाईसाहेबांकडे वळोन हळूच बोलिली, 'आणि आईसाहेब, तिथं तुम्ही का नाय बोललात?' बाईसाहेबांनी मसुद्यावर शिक्का करू दिला नाही, आणि कंपनीस कळविले की फाल्गुनात बंदरांची मोठी मजलस परमुलखी भरणार आहे, तेथे सर्व बंदरांचे पंच बसतात, या वादाचा निवाडा तेथेच व्हावा, आणि राज्यातर्फे आम्ही जातीने बोलू.

शब्द दिला, परंतु जीभ तयार नव्हती. प्रथम एक शिक्षक ठेविले. ते वाक्यावाक्यास थांबवीत आणि 'असे नव्हे, असे' म्हणत. काही दिवसांनी बाईसाहेबांनी त्यांस शेला देऊन निरोप दिला, आणि दिवाणांस म्हणाल्या, 'गुरुजींनी सांगितलेले शब्द येतात, न सांगितलेले येत नाहीत. उद्या नवे पत्र आले की आम्ही पुन्हा मुक्या. आम्हांस आपले आपण वाचिता आले पाहिजे.' मग त्यांनी कोनेरशास्त्री बिवलकर यांस बोलाविले. शास्त्री दोन्ही भाषांच्या व्याकरणात मुरलेले, आणि इंग्रजांच्या राजधानीत काही वर्षे राहोन आलेले. आणि हिराबाई तांडेल हीस बोलाविले. ही त्याच पारूबाईची लेक. शहरात संगणकाची विद्या शिकली आणि राज्याच्या कचेरीत चाकरीस होती. दोघांस आज्ञा जाहली की ऐसे सॉफ्टवेअर करावे, की त्यात कोणताही इंग्रजी मजकूर घातला असता प्रत्येक शब्दाखाली त्याचा बोल आपल्या लिपीत उमटावा, आणि जेथे जोर द्यावयाचा ते अक्षर ठळक दिसावे. लोक पुढे त्यास उच्चारयंत्र म्हणो लागले.

शास्त्रियांनी प्रथम नियम बांधिले, अमुक अक्षरानंतर अमुक आले तर अमुक बोल, आणि हिराबाईने ते संगणकास शिकविले. मग बंदरावरील शब्द घालोन पाहिले. धक्क्यास इंग्रजीत जो शब्द आहे तो क्यू, यू, ए, वाय ऐसा लिहितात आणि 'की' इतकाच बोलतात. यंत्राने त्याखाली 'क्वे' लिहिले. मासळीच्या एका नावात एल अक्षर गप्प बसते. यंत्राने ते बोलके केले. शास्त्री नियम वाढवीत गेले, आणि एक शब्द नीट करावा तो दुसरे चार बिघडत. शेवटी शास्त्रियांनी पगडी उतरोन मेजावर ठेविली आणि म्हणाले, 'या भाषेस आई-बाप नाहीत.' हिराबाई म्हणाली, 'आहेत, शास्त्रीबुवा, पण पुष्कळ आहेत. ही नियमानं चालत नाही, सवयीनं चालते. जे शब्द वळणावर येत नाहीत ते एकेक करून पाठ करून घेऊ यंत्राकडून, आणि उरलेल्यांना तुमचे नियम लावू.' शास्त्री म्हणाले, 'ऐसे शब्द हजारो निघतील.' ती म्हणाली, 'निघू देत. जाळं मोठं विणू.' शास्त्रियांस हे मानवले, कारण मनुष्य विद्वान असोन हट्टी नव्हते; आणि त्या दिवसापासोन दोघे एका मेजाशी बसत, शास्त्री बोल सांगत, ती लिहीत, आणि पारूबाई दोघांस जेवण धाडी.

पुढे दोघांत एक तंटा पडला. शास्त्रियांचे म्हणणे, बोल राजधानीत निघतो तैसाच तंतोतंत उमटावा. हिराबाईचे म्हणणे, आपल्या जिभेस झेपेल आणि समोरच्यास कळेल इतका उमटावा. हा तंटा बाईसाहेबांसमोर गेला. त्यांनी दोघांचे ऐकोन घेतले आणि बोलिल्या, 'शास्त्रीबुवा, आम्हांस त्यांच्यासारखे व्हावयाचे नाही. आमचे म्हणणे त्यांस कळावे, इतकेच. तंतोतंत बोलाच्या तुमच्या खुणा यंत्रात राहू द्या; जमेल तेथवर जीभ वळवू, न जमेल तेथे ती आमचीच राहील.' मग तंटा मिटला. यंत्र तयार होताच बाईसाहेबांनी पहिला शब्द स्वहस्ते घातला, बेटाचा. खाली उमटले 'आयलंड'. त्यांनी तो मोठ्याने वाचिला. मग म्हणाल्या, 'इतकेच होते काय.' आणि हसल्या. दरबारातील त्या प्रसंगानंतर त्यांस हसताना दासींनी प्रथमच पाहिले. हिराबाईने तेव्हाच विनंती केली, 'आईसाहेब, यंत्राला शब्द कळतो, अर्थ कळत नाही. काही शब्द लिहायला एक असतात आणि बोलायला दोन. तिथं ते अंदाज करतं. तेवढं आपण बघावं.' बाईसाहेब 'बरे' म्हणाल्या, आणि भाषणाचा सराव सुरू जाहला.

फाल्गुनात खासा स्वारी जहाजाने मजलशीस गेली. सभागृह विस्तीर्ण, पंच अर्धवर्तुळात बसलेले, आणि मध्ये अध्यक्ष म्हणोन एक वृद्ध बाई, जिने तरुणपण गलबतांवर कप्तानीत घालविले होते. हिराबाई आणि दिवाण मागील बाकांवर बसले. तेथोन बोलण्याची कोणास मुभा नव्हती. प्रथम विलकीन साहेब उठला. त्याचे म्हणणे ऐसे की कोळी लोक बेटावर रोज भांडणे करितात, तेथे शिस्त नाही, कंपनी आली म्हणजे शिस्त येईल. इंग्रजीत भांडणास एक शब्द आहे 'राउ', तो त्याने वारंवार घेतला, आणि बाईसाहेब कान देऊन ऐकत होत्या. मग त्यांची पाळी आली. त्या कागद घेऊन उभ्या राहिल्या, पहिले वाक्य सरळ गेले, दुसरेही गेले, आणि 'आयलंड' हा शब्द स्वच्छ उमटला. विलकीन साहेबाने मान वर करोन पाहिले. बाईसाहेबांस धीर आला आणि त्या वाचीत गेल्या. मग एक वाक्य आले, जे त्यांनी त्याच सकाळी मुक्कामी नवे लिहून आपणच यंत्रात घातले होते, की आमचे लोक पहाटे होड्या वल्हवीत त्या बेटास जातात. वल्हवण्याचा तो शब्द आर, ओ, डब्ल्यू. आणि त्याखाली यंत्राने लिहिले होते 'राउ'.

बाईसाहेब थबकल्या. हा बोल तर आताच ऐकिला, आणि तो भांडणाचा. जैसे लिहिले तैसे वाचावे, तर आमचे लोक पहाटे भांडतात ऐसे आमच्याच मुखे कबूल होते आणि बेट जाते. यंत्राने दोन बोलांतील भलता निवडिला हे त्यांनी जाणिले. परंतु खरा कोणता हे त्यांस ठाऊक नव्हते. मागे हिराबाईने पदर तोंडास लाविला. दिवाण अर्धवट उठले, मी जातो आणि बोलतो म्हणो लागले. हिराबाईने त्यांची बाही धरोन खाली बसविले. मग बाईसाहेबांनी कागद मेजावर ठेविला आणि अध्यक्षबाईंकडे पाहोन आपल्या साध्या इंग्रजीत बोलिल्या, 'बाई, हा शब्द मी वाचोन जाणते, ऐकोन जाणत नाही. आमचे लोक पहाटे जे करितात ते हे.' ऐसे म्हणोन त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि वल्ही ओढावी तैसे मागे ओढिले, पुन्हा पुढे आणि पुन्हा मागे, हातातील कांकणे वाजत राहिली. सभेत कोणी हसले नाही. अध्यक्षबाईंची मुद्रा मवाळ जाहली. त्यांनीही बसल्या जागी हात तैसेच ओढिले आणि म्हणाल्या, 'रो.' बाईसाहेब म्हणाल्या, 'रो.' आणि मग विलकीन साहेबाकडे वळोन बोलिल्या, 'साहेबांचा शब्द राउ, आमचा शब्द रो. अक्षरे तीच आहेत. साहेबांनी आमचे बेट कागदावर वाचिले. तेथे येऊन ऐकिले असते तर फरक कळला असता.' आता मात्र सभा हसली, पंच हसले, आणि त्या हसण्यात बाईसाहेबही होत्या. मग उरलेले भाषण त्यांनी कागद हाती न घेता केले. दोन-चार बोल चुकले, तेथे थांबोन पुसिले, अध्यक्षबाईंनी सांगितले, आणि काम पुढे चालले.

सायंकाळी निवाडा जाहला. सुकटबेट बारमास कोळियांचे. कंपनीने आपला धक्का खाडीच्या पैलतीरी, खडकाळ जागी बांधावा आणि त्याचा कर राज्यास द्यावा. विलकीन साहेब सभ्यपणे येऊन मुजरा करोन गेला. हिराबाई पुढे येऊन मान खाली घालोन म्हणाली, 'आईसाहेब, चूक यंत्राची झाली.' बाईसाहेब म्हणाल्या, 'चूक त्या भाषेची. यंत्र बिचारे काय करील? परंतु पुढे जेथे दोन बोल असतील तेथे दोन्ही लिहीत जा, निवडणे आम्ही पाहू.' दिवाण सदोबा रेगे बाजूस उभे होते. ते म्हणाले, 'मी उठलो असतो तर सारे बिघडले असते.' बाईसाहेब म्हणाल्या, 'तुम्ही आमच्यासाठी उठत होता, हे आम्ही पाहिले.' दिवाणांचे डोळे भरोन आले, आणि ते कायमचे कामावर राहिले. मेजवानीचे बोलावणे आले की मात्र संगे पारूबाईस नेत.

परतीच्या वाटेस समुद्र शांत होता. बाईसाहेब जहाजाच्या नाळेवर, पुढील टोकास, इंग्रजी वर्तमानपत्र घेऊन बसल्या आणि मोठ्याने वाचो लागल्या. लढायांच्या वार्ता वाचिल्या, बाजारभाव वाचिले, लग्नाच्या आणि साबणाच्या जाहिरातीही सोडिल्या नाहीत. खलाशांस एक अक्षर कळत नव्हते, परंतु कोणी उठोन गेला नाही, आणि एक म्हातारा खलाशी दुसऱ्यास म्हणाला, 'वाचू दे. किती वर्षांचं साचलंय.'

तात्पर्य, बेट राहिले, मासळी वाळली, उच्चारयंत्र राज्यातील सर्व शाळांस मोफत दिले, आणि कोनेरशास्त्री व हिराबाई त्यात आजही भर घालितात व रोज एखाद्या स्वरावरोन भांडतात, त्यात दोघांचाही संतोष दिसतो. इतकी ही हकीकत. लिहिताना कोठे कमी-जास्त जाहले असेल तर जाणत्यांनी समक्ष बोलोन नीट करावे, लिहिणारास राग नाही. लेखनास विराम.