कपाट छान आलंय

यंदा श्रीनिवासरावांना पंचाहत्तर पूर्ण होत होती आणि अस्मिताला यायला जमणार नव्हतं. "बाबा, निदान एक नीट फोटो पाठवा, फ्रेम करून लावते," असं लेकीने बंगळूरहून कळवलं. श्रीनिवासरावांना फोटो नको, लेक हवी होती. पण सांगणार कुठल्या तोंडाने? विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये एकटा माणूस, मुकाट्याने कॅमेरा काढून कामाला लागला.

कॅमेरा स्टँडवर लावायचा, टायमर दाबायचा आणि दहा सेकंदांत धावत जाऊन स्टुलावर बसायचं. गुडघे कुरकुरले, पण पोचले. फोटोत मागच्या कपाटाच्या बिजागऱ्या लख्ख आणि पुढे श्रीनिवासराव म्हणजे नुसता धुरकट ठिपका! अस्मिताचं उत्तर आलं, "कपाट छान आलंय."

ऑटोफोकस बिचारा अचूकच होता हो! बटण दाबताना स्टूल रिकामं, म्हणून त्याने समोर दिसलं त्यावर नेम धरला. पण मॅन्युअल, म्हणजे हाताने फोकस करायलाही स्टुलावर कुणीतरी हवंच, आणि घरात तर दोन वर्षांत कुणी टेकलं नव्हतं.

शेवटी त्यांनी फरशी पुसायचा मॉप उलटा करून स्टुलाला बांधला. पांढऱ्या झिपऱ्या थेट त्यांच्यासारख्याच! त्याला आपला शर्ट घातला, चष्मा चढवला. मग स्वतःलाच काही दिसेना, म्हणून चष्मा परत काढून घेतला.

"मान जरा वर. हं, आता हलायचं नाही."

मॉप कलंडला.

"अहो, दोन मिनिटं बसवत नाही का आपल्याला? इतक्या दिवसांनी कुणी आलं, तर त्यालाही घाई!"

समोरच्या बाल्कनीत सुहासिनीबाई कपडे वाळत घालत होत्या. हे पाहून त्यांच्या हातातला चिमटा खालीच पडला. त्यांनी तडक अस्मिताला फोन लावला.

इकडे फोकस जुळल्यावर मॉपला कोपऱ्यात टेकवून श्रीनिवासराव त्याच्या जागी बसले आणि मॅन्युअलने बाजी मारली होती. भुवईचा केस न् केस मोजून घ्यावा असा फोटो आला होता. तो पाठवणार, एवढ्यात फोन वाजला.

"बाबा, तुम्ही मॉपशी बोलताय?"

"अगं, ते फोकससाठी..."

"असू दे, असू दे. शांत बसा. मी सुट्टी टाकलीय, उद्या सकाळी येते. चांगली आठ दिवस राहणारे."

एका वाक्यात खुलासा झाला असता. श्रीनिवासरावांनी त्यासाठी तोंड उघडलंही. मग त्यांनी कोपऱ्यात शर्ट घालून टेकलेल्या मॉपकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला.

"हळू बोल गं. त्यांचा आत्ताच कुठे डोळा लागलाय."