गोमाजीभाऊंच्या कानाची तार

गोमाजीभाऊंच्या घरी गेलेल्या माणसाच्या हातात चहाच्या आधी तार यायची. "बसा जी, अन् हे धरा," म्हणत ते काळ्या सुती वेष्टनाची एक वायर पाहुण्याच्या चिमटीत देत. "अशी नाई. आंगठा वर. जराशी वाकवा. हां! आता हालू नोका, दिल्ली आली."

दिल्ली त्यांच्या कानात आलेली असे. आपल्या हातात नुसती तार.

मी अकोल्याकडच्या मालेगावात मास्तर म्हणून गेलो ती महायुद्धाची वर्षं होती. गोमाजीभाऊ गावाबाहेर आपल्या मळ्यात एकटे राहत. वांगी, मिरच्या, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर असं पिकवून बाजारात नेत. रस्त्याच्या कामावर आलेल्या एका ओव्हरसियरला त्यांनी कैक वर्षं ताजी भाजी पोचवली होती. त्याची बदली झाली, तेव्हा जाताना त्यानं आपला बॅटरीवर चालणारा जुना रेडिओ यांना देऊन टाकला. त्याला भोंगा नव्हता. कानाला लावायचा हेडफोन होता. पोलादी पट्टी आणि तिच्या दोन टोकांना दोन काळ्या वाट्या. गोमाजीभाऊ त्याला कानटोप म्हणत.

या कानटोपाची तार वाट्यांकडे दोन फाटे होऊन जाते, नेमकी तिथंच ती आतून तुटली होती. तिथं चिमटीत धरून वाकवली, की आवाज यायचा. सोडली, की गेला. मग ती त्यांनी स्वतःच का धरू नये? तर त्यांचा एक हात रेडिओच्या बटणावर लागे, कारण दिल्लीचं केंद्र सारखं निसटायचं. आणि दुसरा हात डोक्यावर, कारण ते कानटोप फेट्यावरून घालत आणि ते घसरायचं.

"फेटा काढून ठेवा ना," मी एकदा सुचवलं.

"बोडक्यानं बसू? एवढे मोठे मोठे लोकं बोलून राह्यले, अन् मी बोडका?"

दुरुस्तीचे प्रयोग त्यांनी पुष्कळ केले होते. बाभळीचा डिंक लावला, मेण लावलं, सुतळी गुंडाळली. एकदा हळद आणि कणकेचा लेपही दिला. "बैलाचं शिंग मोडलं तं आमी असाच लेप लावतो," ते म्हणाले. शिंगाला गुण येत असेल. तारेला मुंग्या आल्या.

तार धरणाऱ्याला काही ऐकू येत नसे. त्यानं नुसतं गोमाजीभाऊंच्या तोंडाकडे पाहायचं. ते "हां... हां... अस्सं!" करत, मध्येच हसत, मध्येच कपाळाला हात लावायला जात आणि कानटोप घसरे. "काय झालं?" विचारलं, की बोट वर करत. बातम्या संपल्या, की मग सगळं पहिल्यापासून सांगत, हातवारे करून, स्वतःची भर घालून. "म्हून राह्यले पाऊस येईल. कुठी येईल ते नाई सांगत. त्यायच्याच घरी येईल!"

एकदा ऐन बातमीत मला शिंक आली. तार सुटली. पुन्हा धरेपर्यंत पुढचं सुरू झालेलं. गोमाजीभाऊंनी माझ्याकडे फार दुःखानं पाहिलं. "मास्तर, जहाज निघालं येवढं आयकलं. बुडलं का पोचलं, आता कोनाले पुसू?" तो आठवडाभर ते त्या जहाजाच्या काळजीत होते.

गावातले लोक हळूहळू त्यांना टाळू लागले. शिंपी मळ्याची वाट सोडून लांबच्या पांदणीनं जाई. पोस्टमन कुंपणावरूनच हाक मारून पुढं सटके. राहता राहिलो मी. शाळा सुटली, की मला दुसरं काही काम नसे. तरी रोज तासभर अंगठा वाकवून मलाही कंटाळा आला. दिवाळीच्या सुटीत अकोल्याला जायचं होतं, तेव्हा मी म्हटलं, "द्या ते कानटोप. दुरुस्त करून आणतो."

"ऱ्हाऊ द्या. चालून राह्यलं ना आपलं?"

मी ऐकलं नाही. अकोल्यातल्या एका घड्याळजीनं दुखरा तुकडा कापून टाकला, दोन्ही टोकं सोलली, कथलाचा डाग देऊन जोडली आणि वर कापड गुंडाळून दिलं. अर्ध्या तासाचं काम. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

परत येऊन ते मी गोमाजीभाऊंच्या फेट्यावर चढवलं आणि मोकळे हात त्यांना दाखवले. त्यांनी कान दिला. "लय साफ आहे जी," ते म्हणाले. "बाजूले बसून बोलल्यावानी." मग ते ऐकत राहिले. मी चहा घेतला, थोडा वेळ बसलो आणि सुटल्यासारखा घरी आलो. त्यानंतर दहाबारा दिवस मी तिकडे फिरकलोच नाही.

एका रविवारी सकाळी गोमाजीभाऊ माझ्या खोलीच्या दारात उभे. हातात टोपली. टोपलीत वांगी आणि वांग्यांवर कानटोप.

"पुन्हा बिघडलं?"

"नाई जी. चांगलं आहे." ते उंबऱ्यावरच बसले. बराच वेळ टोपलीतली वांगी उगाच इकडची तिकडं केली. मग खाली पाहत म्हणाले, "मास्तर, त्या घडीवाल्याले पुसून पाहा ना. पयलेसारखं करून देईल काय?"

मला हसू आलं. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ते तोंडातच राहिलं.

"बायको होती तवा मोटेवर मी दिवसभर बोलत राहो," ते म्हणाले. "बिचारी बैल हाकलता हाकलता हूं हूं करे. आता आयकतो सारं. पन आयकून सांगू कोनाले? वांग्याईले?"

अंगठा दुखतो म्हणून मी या माणसाची सोबत कापून आणली होती, आणि वर त्याचा अभिमान बाळगून होतो.

त्या दिवशी संध्याकाळी मी मळ्यात गेलो. कानटोपाच्या पट्टीतून दोन्ही वाट्या सोडवल्या. एक त्यांच्या कानाला दिली, एक माझ्या. तार आखूड, त्यामुळे डोक्याला डोकं लावून बसावं लागलं. फेट्याचा काठ माझ्या कपाळाला टोचत होता. बातम्या सुरू झाल्या. कुठल्या तरी लांबच्या शहरातून लोक घरदार सोडून निघाल्याचं कुणी सांगत होतं.

गोमाजीभाऊंनी मध्येच आपली वाटी कानापासून काढली आणि मांडीवर ठेवली.

"मास्तर, दोन सालापासून मीच बोलून राह्यलो. तुमच्या घरी कोन कोन आहे, हे मी कधी पुसलंच नाई."

मीही वाटी खाली ठेवली. आई अमरावतीला असते, असं सांगायला सुरुवात केली, आणि मग तिची पत्रं, तिचा दमा, लहानपणी गेलेला भाऊ, सगळंच निघालं. गोमाजीभाऊ रेडिओ बंद करायला विसरले होते. ते माझ्याकडे तोंड करून बसले होते आणि "हूं, हूं" करत होते.