राठोड सरांचं पाळीव गाजरगवत

आमचे शेजारी राठोड सर रस्त्याने जाताना आधी कुंपणाचं एक पान तोडतात, दाढेखाली धरतात, बाजूला थुंकतात आणि मग आपल्याला नमस्कार करतात. नवख्या माणसाला वाटतं, थुंकणं आपल्यासाठीच होतं. आखाडा बाळापुरात सरांना नवखं असं आता कुणी उरलेलं नाही. सगळे शांतपणे थांबतात आणि थुंकून झालं की नमस्कार घेतात.

सर तांड्यावर वाढले आणि इथल्याच शाळेत आयुष्यभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले. जगातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल त्यांचा एकच प्रश्न असतो, "पण कडू किती?" माझ्या भाचीला स्थळ आलं तेव्हा सगळ्यांनी मुलाचा पगार विचारला. सरांनी होणाऱ्या सासूबद्दल हा प्रश्न विचारला. भाचीला तोच जास्त पटला, ही गोष्ट वेगळी.

माणसं दारात तुळस लावतात, गुलाब लावतात. सरांनी गाजरगवत लावलंय. तेही कुंड्यांमध्ये, शेणखत घालून, माझ्या भिंतीला अगदी चिकटून. ज्याने अंगाला खाज सुटते, दमा उसळतो, ज्याला अख्खा मराठवाडा शिव्या घालतो, त्याला हे रोज सकाळी झारीने पाणी घालतात. अर्ध्या कुंड्यांवर मच्छरदाणी आहे. स्वतः मात्र डास मारत झोपतात.

यामागे शास्त्र आहे, आणि ते मला इतक्यांदा ऐकावं लागलंय की मी झोपेतही सांगेन. हे गवत मूळचं मेक्सिकोकडचं. तिकडे त्याच्यावरच जगणारे किडे होते, म्हणून ते पानात कडू विष साठवायचं. बी इकडे आलं, किडे तिकडेच राहिले. विष बनवायला झाडालाही ताकद लागते. खाणारंच कुणी नाही तर ती वाया कशाला घालवायची? तीच वाढण्यात घालायची. थोडं विष तेवढं राखायचं, कारण बकऱ्या-म्हशी सगळीकडेच असतात. सरांचा असा अंदाज. पुढे आपल्याच लोकांनी या गवतावर सोडायला तिकडचे भुंगे आणले. मग सरांना प्रश्न पडला की जुना वैरी पुन्हा भेटला, तर पिढ्यांमागून पिढ्या जाता हे गवत परत कडू होईल का? म्हणून उघड्या कुंड्यांत भुंगे सोडायचे, मच्छरदाणीतल्या सांभाळायच्या, दोन्हींचं बी वेगळं ठेवून पुन्हा पेरायचं आणि चव बघायची.

चव आधी सर स्वतःच बघत. एकदा ओठ असे सुजले की बोलता येईना. गल्लीला जरा सुख लागलं. मग त्यांनी तांड्यावरून एक बकरी आणली. तिने दोन्हीकडचं गवत हुंगून सोडून दिलं, आणि मच्छरदाणीचा कोपरा व माझी जास्वंद खाऊन टाकली. बकरीला अजून पुरेशी भूक नाही, असा सरांनी निष्कर्ष काढला.

यावरून आमचं रोज सकाळी भांडण व्हायचं. मी म्हणायची, कुंड्या मागच्या अंगणात न्या. ते म्हणायचे, तिकडे ऊन नाही. ऊन इतकं की त्यांची हळद तिथेच वाळते. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, होत्या तोवर हे भांडण त्या घरातच उरकायच्या, आम्ही नुसतं ऐकायचो. त्या गेल्या आणि ते काम माझ्याकडे आलं.

मग ग्रामपंचायतीने गाजरगवत निर्मूलन सप्ताह काढला. बाजाराच्या रस्त्याला हे गवत कमरेएवढं आहे. पण तिथे चिखल, शिवाय साप निघतो म्हणतात, आणि उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांचे कपडे इस्त्रीचे. कुणीतरी सुचवलं, राठोड सरांकडे कुंडीत आहे, फार वाकावंही लागणार नाही. झालं. फलक, हातमोजे, फोटोवाला, असा सगळा लवाजमा आमच्या गल्लीत आला.

सर कुंड्यांपुढे हात पसरून उभे राहिले. हे बी किती वर्षांचं आहे, आज उपटलं तर सगळं पहिल्यापासून, असं सांगता सांगता त्यांचा आवाज फाटला. ग्रामसेवक त्यांचाच विद्यार्थी. तो अदबीने म्हणाला की सर, सगळं बराबर आहे, पण फलकावर आजची तारीख छापली आहे. मग तो माझ्याकडे वळला. "ताई, जास्ती तकलीफ तुमालाच हाय. तुमी निस्तं व्हय म्हणा."

इतक्या दिवसांनी मला सरकारी पाठिंबा मिळत होता. आणि मी म्हणाले, "माझी काही तक्रार न्हाई." सरांचा तो फाटलेला आवाज मला ऐकवला नाही. लवाजमा शाळेच्या कुंपणाकडे गेला, सगळ्यांनी मिळून एक रोप उपटलं आणि फोटो निघाला.

मला वाटलं, सर आता आभार मानतील. दुसऱ्या दिवशी मी कुंड्यांबद्दल अवाक्षर न काढता हसून नमस्कार केला. पुढेही तसंच केलं. सर दिवसेंदिवस गप्प होत गेले. मग एका सकाळी पाहते तर ते स्वतःच कुंड्या मागे नेत होते. मी म्हणाले, राहू द्या, मला आता त्यांचं काही वाटत नाही.

सर कुंडी हातात घेऊन थांबले. "ताई, मागं ऊन पहिल्यापासून हाय," ते म्हणाले. "तुमच्या काकू गेल्या, तवापासून माझ्यावर कुणी वरडत न्हाई. पोरगी फोनवर लई गोड बोलती. दवाखान्यात, दुकानात, समदे गोडच बोलतात. तुमी तेवढ्या भांडत होत्या, म्हून कुंड्या हितं ठेवल्या. आता तुमीबी गोड झाल्या."

मी इकडेतिकडे पाहिलं. त्यांच्या गच्चीवरची टाकी भरून वाहत होती.

"सर," मी पदर खोचून म्हणाले, "टाकी वाहून राहिली, माझ्या दारात चिखल होऊन राहिला, तुमाला दिसत न्हाई? अन् ती कुंडी ठेवा खाली, भांडण सोडून कुठं चालले?"

पाणी माझ्या दारापासून बरंच लांब, सरळ नालीत जात होतं. सरांनी तिकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. कुंडी भिंतीला टेकवून ठेवली, बाह्या वर सारल्या, आणि पार कोपऱ्यावर ऐकू जाईल अशा आवाजात माझ्याशी भांडायला लागले.