त्याच्यादेखत लॅपटॉप बघू नये

चौथ्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांचं खरं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांची बायको दिवसभर "अहो!" म्हणून अशा खणखणीत आवाजात हाक मारायची, की शेजारीपाजारी, दूधवाला, वॉचमन, सगळे त्यांना 'अहो' म्हणूनच ओळखत. ("अहो अहो, तुमचं पार्सल आलंय," असं वॉचमन म्हणे, आणि हेही मुकाट्यानं खाली जात.)

अहो घरी बसून भाषांतरं करायचे. नव्या यंत्राच्या खोक्यात जी सूचनापुस्तिका असते आणि जी उघडून कुणी बघत नाही, ती मराठीत अहोंनी लिहिलेली असायची. हे काम ते ज्या कॉम्प्युटरवर करत, त्याचं वय विचारण्यात अर्थ नव्हता. सुरू होताना तो घरघरायचा, मध्येच उसासा टाकायचा, आणि एकदा बंद केला की पुन्हा उठायला त्याला एवढा वेळ लागायचा, की अहो त्याला बंदच करत नसत. त्यातच मनगट दुखायला लागलं. शेक झाला, पट्टा झाला, आणखी नाना उपाय झाले, आणि शेवटी एका रविवारी सकाळी अहो म्हणाले, "आपण एक लॅपटॉप घेऊन टाकू."

एवढंच म्हणाले. कॉम्प्युटरनं आतून एक लांब सुस्कारा सोडला.

"ऐकलंत?" बायको म्हणाली.

"पंखा आहे त्याचा," अहो म्हणाले. पण खुर्ची त्यांनी जरा मागे घेतली.

दुकान काही लांब नव्हतं, तरी जायच्या आधी कोणता घ्यायचा ते ठरवायला हवं, म्हणून अहो कॉम्प्युटरपुढं बसून लॅपटॉपची चित्रं पाहू लागले. बायको मागं येऊन उभी राहिली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "अहो, त्याच्याच पुढ्यात बसून त्याच्या जागी कुणाला आणायचं ते बघताय? काही वाटतं का?"

"यंत्र आहे ते."

"असेल. पण इतकी वर्षं घरात आहे. त्याच्यादेखत नको."

तेव्हापासून दोघं कुजबुजून बोलू लागली. खोली तशी अर्धीच होती. मूळच्या मोठ्या खोलीत मध्ये प्लायवूडची भिंत घालून पलीकडच्या बाजूला अहोंच्या सासूबाईंची सोय केली होती. सासूबाईंना कमी ऐकू येतं असं सगळे धरून चालत. त्यामुळे भीती होती ती फक्त कॉम्प्युटरची.

"जुनं झालंय," अहो कुजबुजले. "सारखी घरघर. तापतं काय, उठता उठत नाही. जागा अडवून बसलंय."

"पण काढून टाकायचं म्हणजे जिवावर येतं हो," बायको कुजबुजली.

दुकानातल्या विक्रेतीनं एकामागून एक लॅपटॉप मांडले. रॅम किती हवी, असं तिनं विचारल्यावर अहोंनी "आम्हा दोघांपुरती" असं उत्तर दिलं. एक लॅपटॉप तर एवढा पातळ होता, की तो बॅगेत आहे की नाही तेही कळत नाही, असं विक्रेती म्हणाली. "म्हणजे चोरीला गेला तरी कळायचं नाही," बायकोनं तो खाली ठेवला. काहीच ठरेना. दोघं हात हलवत घरी आली.

घरात सामसूम होती. सासूबाईंचं दार बंद. अर्ध्या खोलीत मात्र कॉम्प्युटरचा पडदा उजळलेला होता, आणि त्याचा निळसर उजेड टेबलावरच्या कपावर पडला होता. अहोंनी सकाळी जिथं काम सोडलं होतं तिथं लिहिलेलं होतं: 'पाण्याचा नळ बंद असल्याची खात्री करा.' आणि त्याला लागूनच, त्याच अक्षरात: 'मला सगळं ऐकू येतं.'

अहोंनी ते दोनदा वाचलं.

"हे तुम्ही लिहिलंत?" बायकोनं विचारलं.

"वॉशिंग मशीनच्या पुस्तिकेत मी असं कशाला लिहीन?"

त्यांनी ते वाक्य खोडलं. खरं तर महिनाभर असं काहीबाही चाललं होतं. मजकुरात मधूनच 'अहो' असा शब्द उमटलेला असायचा. आयुष्यभर तेच ऐकल्यामुळे तो आपल्याच बोटांतून गळत असेल, अशी समजूत घालून ते गुपचूप खोडत आले होते. आता त्या प्रत्येक 'अहो'ची त्यांना आठवण झाली. कोण हाक मारत होतं?

दुसऱ्या खेपेला अहो एकटेच गेले, तेव्हा विक्रेतीनं नवीनच माहिती दिली, आणि घरी येऊन पुन्हा दुकानात जायच्या आधी अहोंनी ती कॉम्प्युटरकडे पाठ करून बायकोच्या कानात सांगितली. "माणसं घरी येऊन उचलून नेतात म्हणे. वर आपल्यालाच पैसे देतात. उपयोगाचं जे असेल ते आतून काढून घेतात आणि बाकीचं फेकून देतात."

"अगबाई!" बायको म्हणाली. "सोडवत नाही हो."

दोघं दुकानात जाऊन परत आल्यावर अहोंनी आधी दारातूनच मान वाकवून पाहिलं. पडदा जागा होता. 'दार पूर्ण लागल्याशिवाय यंत्र सुरू होणार नाही. उचलून नेणार म्हणे. नेऊ देत. पण आतलं काही काढून घेऊ देणार नाही.'

बायकोनं त्यांचा हात घट्ट धरला. (लग्नानंतर पहिल्यांदाच, पण त्याचा आनंद मानायची ती वेळ नव्हती.) अहोंनी धीर करून वायर उपसायला हात पुढं केला, आणि तेवढ्यात टेबलामागून, खोल कुठूनतरी, अस्पष्ट पुटपुटणं ऐकू आलं. माणसाचं. शब्द कळत नव्हते, पण चढउतार कळत होते. आणि त्या चढउतारांबरोबर, कीबोर्डला कुणाचा स्पर्श नसताना, पडद्यावर एकेक शब्द उमटू लागला.

'या घरासाठी… मी काय… कमी केलं… आता… जुनी झाले ना…'

अहो पांढरेफटक पडले. "जुनी झाले," ते पुटपुटले. "झाले!"

"काय झालं?"

"कॉम्प्युटर पुल्लिंगी आहे! त्यानं 'जुना झालो' म्हणायला हवं. हे कॉम्प्युटरचं बोलणं नाही. आत कुणीतरी बाई आहे."

अशा वेळी व्याकरण सुचणाऱ्या नवऱ्याकडे कसं बघावं ते बायकोला कळेना. पडद्यावर अक्षरं येतच होती.

'मुलगी गुणाची आहे… पण जावई… मेला… सारखा कुजबुजत असतो…'

"मला जावई का म्हणतेय ती?" अहो कुजबुजले. "मी हिचा जावई कधी झालो?"

बायकोची मान मात्र हळूहळू प्लायवूडच्या भिंतीकडे वळली. तिनं पुढं होऊन भिंतीवर थाप मारली. "आई!"

पुटपुटणं थांबलं. पडद्यावर आलं, 'आई'. मग भिंतीपलीकडून आणि पडद्यावर एकाच वेळी आलं:

"काय गं?"

टेबल ओढल्यावर मागं भिंतीला तोंड चिकटवून लोंबकळणारा माईक सापडला. मनगटासाठी केलेल्या उपायांपैकी तोही एक होता: आपण बोलायचं, कॉम्प्युटर लिहून घेतो. पण घरात बायकोचं ऐकून ऐकून अहोंचा आवाज असा काही खाली गेला होता, की माईकला तो पोचेचना. तेव्हा तो मागं टाकून ते विसरून गेले होते. सोय बंद करायची तेवढी राहिली होती, आणि बायकोची खणखणीत 'अहो!' ही हाक माईकला मागूनही बरोबर पोचत होती. सासूबाईंची कॉट नेमकी भिंतीपलीकडे, आणि घरात कुणी नसलं की त्या तिथं बसून बहिणीशी फोनवर बोलत.

पण हसू येण्याआधीच दोघांनी त्यांच्या खोलीत पाऊल टाकलं, आणि जागच्या जागी थिजली. कॉटवर बॅग भरून तयार होती. वर घडी केलेली शाल, चष्म्याची डबी, सासऱ्यांचा फोटो.

"कुठं ठेवणार आहात ते आधी एकदा दाखवा तरी," सासूबाई म्हणाल्या. आवाज कोरडा होता, फोन अजून हातातच होता. "आणि जावईबापू, मी मेल्यावर डोळे द्या, काय द्यायचं ते द्या. जिवंतपणी आतलं काढायला मी माणसं घरात येऊ देणार नाही."

बायको त्यांच्या गळ्यात पडून रडू लागली. अहो "लॅपटॉप, लॅपटॉप" एवढंच म्हणत राहिले, आणि तो शब्द सासूबाईंना कुठल्यातरी वृद्धाश्रमाचं नाव वाटला. शेवटी त्यांना हाताला धरून कॉम्प्युटरपुढं नेलं, घरघर ऐकवली, तापलेल्या पेटीवर त्यांचा हात ठेवला. त्यांनी बराच वेळ हात तसाच ठेवला.

"हा होय जुना?" त्या म्हणाल्या. "मग रडवलंत कशाला? चला, मी बघते कुठला घ्यायचा ते."

दुकानात त्यांनी विक्रेतीला एकच प्रश्न विचारला, "कमी बोलणारा कुठला?" आणि लॅपटॉप ठरला.

या गडबडीत पुस्तिका पाठवायची मुदत टळत आली होती. अहोंनी घाईघाईनं ती धाडून दिली, आणि मग आठवलं की सासूबाईंचं ते शेवटचं बोलणं खोडायचं राहूनच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनच्या कंपनीतल्या बाईंचा फोन आला. अहोंनी डोळे मिटून कानाला लावला.

"पुस्तिका वाचली," बाई म्हणाल्या. "खरं सांगू का? इतकी वर्षं तुमच्या पुस्तिका येतात, आमच्या इथं कुणाला त्यातलं अक्षर कळलेलं नाही. पण ते शेवटचं पान आख्ख्या ऑफिसनं वाचलं. एकीला तर रडू आलं. ते कुणी लिहिलंय?"

"सासूबाईंनी," अहो म्हणाले.

"मग पुढच्या पुस्तिका त्यांनाच सांगा ना. तुम्ही फक्त त्यांना यंत्र कसं चालतं ते समजावून द्या."

आता घरात काम जोरात असतं. सासूबाई कॉटवर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसतात आणि गीझरच्या पुस्तिकेसाठी गीझरशी कसं वागायचं ते त्याला बोलून सांगतात. अहो आपल्या अर्ध्या खोलीत, घरघरणाऱ्या कॉम्प्युटरपुढं, दुखरं मनगट सांभाळत त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करतात. मधूनच भिंतीवर थाप पडते आणि बायकोचा दबका आवाज येतो:

"अहो, जरा हळू टाईप करा. आईचं काम चाललंय."