डबीतले खपले

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते हिंगोलीच्या ग्यानबाकाकांचे. ते नात्यातले कोणी नव्हेत. वडील औंढ्याकडून हळद विकायला आणत, त्या ओळखीवर काकांनी मला शाळेसाठी घरात ठेवून घेतले. आमच्या घराण्यात पहिला बी. ए. मी झालो तो त्यांच्या भाकरीवर. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचे वाचताना ते कुणाच्या ध्यानात राहणार नाही.

काका दुसऱ्यांच्या भिंती खरडत. कुणाकडे पान खायला बसले, की बोलता बोलता अंगठ्याचे नख भिंतीला लागे आणि रंगाचा खपला तपकिरीच्या डबीत जाई. तहसील कचेरीत एकदा शिपायाने हटकले, तर म्हणाले, "सरकारचा रंग हाय. रयतेनं चिमूटभर नेला तर कुठं तकलीफ झाली?"

बाजारात ते हळद पारखत. "दुरून वळखू आलं पाहिजे," ही त्यांची कसोटी. हळदीला तीच आणि दिवाळीच्या घरालाही तीच.

बी. ए. झालो त्या वर्षी दिवाळीला त्यांच्याकडे गेलो आणि या कसोटीने मला मेटाकुटीला आणले. त्याच्या आदल्या भाऊबिजेला काकूंनी आमटी वाटीऐवजी जमिनीवर ओतली होती. "चुलीचा धूर गेला डोळ्यात," त्या म्हणाल्या. पण कनेरगावहून आलेल्या आक्कांनी, काकांच्या थोरल्या बहिणीने, त्यांच्या हातातली पळी काढून घेतली. "वैनी, पुढच्या साली मी वाढीन. तू बसून राह्य." पंगतीला वाढणे हा काकूंचा एकच अभिमान. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

लढाईचे दिवस, तयार रंग मिळत नव्हता. चुन्यात काहीबाही कालवून मी एकच भिंत तीनदा रंगवली. पांढरी केली, तर काका म्हणाले, "धुकं दिसून राहिलं." नीळ घातली. "इहीर झाली." शेवटी काकांनी डबीतला एक पिवळा खपला भिंतीला लावून दुरून पाहिला आणि पिवडीवर निभावले. मग दाराची चौकट काळी, उंबरा पांढरा, पायरीच्या कडेला चुन्याचा जाड पट्टा.

"काका, हे घर आहे की रेल्वेचं फाटक?"

"फाटकाला कुणी धडकतं का? मग."

पंगतीसाठी मी हौसेने वेलबुट्टीची रांगोळी काढली. काकांनी ती पायानेच पुसली. "वेल कोण पाह्यतंय? पानाभवती बोटभर जाड कडं काढ. अन् वाटी ठिवायची तिथं गुलालाचा ठिपका."

"काहून पण?"

"दुरून वळखू आलं पाहिजे."

मी पिशवी भरली. भाऊबीज आपल्या गावीच बरी, असे सांगायला भरदुपारी आत गेलो. काकू शेजारी गेल्या होत्या. काका डोळ्यांवर जुन्या, विरलेल्या धोतराचा दुहेरी पदर बांधून, हातात रिकामी पळी घेऊन पाटांसमोरून चालत होते. प्रत्येक ठिपक्यापाशी वाकत, पळी कलती करत. तिसऱ्या पाटापाशी पळी कड्याबाहेर टेकली. त्यांनी फडके वर सारले, तिथल्या ठिपक्यावर आणखी गुलाल टाकला आणि पुन्हा दारापासून सुरुवात केली.

मी पिशवी परत खुंटीला अडकवली. बाकीचे ठिपके जाड करायला बसलो.

दुसऱ्या दिवशी आक्कांनी पदर खोचला. "आण ती पळी."

"तुमी बसा, आक्का. माहेरवाशीण तुमी," काकू म्हणाल्या आणि आमटी वाढत निघाल्या. अकरा वाट्या. काका पानाकडे बघत होते, पण घास उचलत नव्हते. थेंबही सांडला नाही.

शेवटच्या पाटापाशी काकू थांबल्या. "रांगोळी लई भडक झाली यंदा."

"बी. ए. झालेल्यानं काढली," काका म्हणाले. "त्याला काय कळतंय," आणि जेवू लागले.

गेल्या आठवड्यात नांदेडहून मी त्यांना पाठवलेले पत्र:

"तीर्थरूप काकांना साष्टांग नमस्कार. मास्तरकी लागली, खोली घेतली. दिवाळीला आईला इकडे आणतो आहे. मागच्या खेपेला तिने माझा भात ताटाबाहेर वाढला आणि धुराला बोल लावला. सोबत खोलीच्या भिंतीचा खपला पाठवला आहे. घरमालकाला विचारलेले नाही. कोणता रंग द्यावा ते कळवावे. कडी आणि ठिपके मी काढीन."